गाव जागेवरच, तहसील मात्र बदललेली : देवळी परिसरात पूर्वजांच्या नोंदी शोधताना

देवळी (जि. वर्धा) : आजोबांच्या जन्माची नोंद मिळावी म्हणून देवळीच्या तहसील कार्यालयात अर्ज करणाऱ्याला अनेकदा एकच उत्तर मिळते : ‘सदर नोंद आढळून येत नाही.’ अर्जदार निराश होऊन परततो आणि नोंद जळाली असावी, वाळवीने खाल्ली असावी किंवा मुळात झालीच नसावी, अशी समजूत करून घेतो. प्रत्यक्षात पुष्कळदा नोंद सुस्थितीत असते. फक्त ती दुसऱ्या कार्यालयाच्या कपाटात, दुसऱ्या तहसिलीच्या नावाखाली बांधून ठेवलेली असते. कारण आजोबा जन्मले तेव्हा ‘देवळी तहसील’ अस्तित्वातच नव्हती.

कुळाचा इतिहास शोधणे हा पूर्वी हौसेचा विषय समजला जाई. आज त्यामागे विद्यार्थ्याचा प्रवेश, नोकरीतील नेमणूक, निवडणुकीतील उमेदवारी आणि शेतीचा वारसाहक्क उभा असतो. जात पडताळणीसाठी वडिलांकडील पूर्वजाची जुनी नोंद मागितली जाते आणि ती जितकी जुनी, तितके तिचे वजन अधिक. अशा वेळी कोणत्या साली आपले गाव कोणाच्या अमलाखाली होते, हे ठाऊक नसणे महागात पडते.

एका गावाची चार राज्ये

वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या मार्गावरील देवळी हे कापसाच्या व्यापारासाठी पूर्वापार प्रसिद्ध असलेले बाजारगाव. हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निवर्तले आणि दत्तकाचा हक्क नाकारून डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली. त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे १८६२ साली, नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याचे पहिले मुख्यालय पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी वसविलेल्या नव्या गावात, म्हणजे आजच्या वर्धा शहरात हलविण्यात आले. त्यामुळे १८६२ पूर्वीचा कोणताही कागद ‘वर्धा जिल्हा’ या शीर्षकाखाली शोधण्यात अर्थ नाही. तो नागपूरच्या दप्तरात, बहुधा परगण्याच्या नावाने आणि मोडी लिपीत असणार.

पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले आणि ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असे जोडनाव रूढ झाले. २६ जानेवारी १९५० पासून तेच राज्य ‘मध्यप्रदेश’ म्हणून ओळखले जाऊ लागले; राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वर्ध्यासह विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात.

याचा प्रत्यक्ष परिणाम कसा होतो, ते पाहण्यासाठी देवळीजवळच्या एखाद्या खेड्यात १९३८ साली जन्मलेल्या शेतकऱ्याची कल्पना करावी. त्याच्या जन्माच्या नोंदीवर प्रांत ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’, तहसील वर्धा. शाळेत नाव घातले तेव्हाही प्रांत तोच. वडिलांच्या शेताचा १९५४-५५ चा अधिकार अभिलेख मध्यप्रदेशातला. १९५८ साली शेत विकत घेतले असेल, तर दस्तावर मुंबई राज्य. मुलाच्या जन्माची नोंद महाराष्ट्रात आणि नातवाच्या दाखल्यावर तहसील देवळी. या माणसाने आयुष्यात गाव सोडले नाही, पण त्याचे कागद चार राज्यांच्या नावांनी विखुरलेले आहेत. त्यातील ‘मध्यप्रदेश’ हा शब्द पाहून ‘हा परप्रांतीयाचा कागद दिसतो’ अशी शंका घेतली गेल्याच्या तक्रारीही विदर्भात नव्या नाहीत.

तहसिलीची गोष्ट याहून घोटाळ्याची. इंग्रजी अमलात वर्धा जिल्ह्याच्या आर्वी, वर्धा आणि हिंगणघाट अशा तीनच तहसिली होत्या. देवळी तेव्हा वर्धा तहसिलीत मोडे. स्वातंत्र्योत्तर काळात सेलू, देवळी, समुद्रपूर, आष्टी आणि कारंजा या नव्या तहसिली निघाल्या व संख्या आठवर गेली. गावे वाटून देताना चालू कामाची दप्तरे नव्या कार्यालयाकडे जातात, पण जुने बस्ते सगळेच जातात असे नाही. काही जिल्हा अभिलेख कक्षात राहतात, काही मूळ तहसिलीत, काही भूमी अभिलेख खात्याकडे. म्हणून देवळी, भिडी, अंदोरी, विजयगोपाल, नाचणगाव या गावांचा शोध घेणाऱ्याने वर्धा येथील अभिलेख कक्ष वगळून चालत नाही.

जन्माची नोंद ठाण्यात

जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींना तर तहसिलीची हद्द लागूच पडत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ साली झाला आणि महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्यापूर्वी मध्यप्रांतातील खेड्यात ही जबाबदारी कोटवाराची होती. गावात कोणी जन्मले वा दगावले, की त्याची नोंद कोटवाराच्या बुकात होई आणि ठराविक दिवशी ते बुक घेऊन तो पोलीस ठाण्यावर जाई. यालाच आज सर्वजण ‘कोतवाल बुक’ किंवा ‘कोतवाल पंजी’ म्हणतात. ही नोंद ठाण्याच्या हद्दीप्रमाणे लावलेली असते. आज देवळी तहसिलीत असलेली दोन शेजारची गावे पूर्वी एक देवळी ठाण्यात आणि दुसरे पुलगाव ठाण्यात असू शकते. नवे ठाणे उघडले, की गाव तिकडे गेले. पुढे ही बुके तहसील कार्यालयांत जमा झाली, तरी बांधणी मात्र अनेक ठिकाणी ठाणेवारच राहिली.

देवळी गावातील कुटुंबांसाठी आणखी एक वेगळेपण लक्षात घ्यावे लागते. देवळीला नगरपालिका एकोणिसाव्या शतकापासून आहे. त्यामुळे गावठाणातील जन्म नगरपालिकेच्या रजिस्टरात, तर वेशीपलीकडच्या खेड्यातील जन्म कोतवाल बुकात अशी विभागणी असते. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, ही रीत येथेही आहे. तेव्हा वडिलांच्या गावात नसलेली नोंद आईच्या माहेरच्या ठाण्यात सापडण्याची शक्यता बरीच. शोधणारे नेमके हेच विसरतात.

कोतवाल बुकाची नक्कल हाती आल्यावर दुसरा धक्का बसतो. तीत बाळाचे नाव बहुधा नसतेच. नाव बारशानंतर ठेवले जाई आणि कोटवार त्याआधीच ठाण्यावर जाऊन आलेला असे. वडिलांचे नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख आणि मौजा एवढ्यावर नोंद संपते. भावंडे चार असतील, तर कोणती नोंद कोणाची, हे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराशी ताडून पाहावे लागते. त्या रजिस्टराच्या मुखपृष्ठावर ‘जनपद सभा’ असे छापलेले दिसले, तर गोंधळून जाऊ नये. १९४८ च्या कायद्याने मध्यप्रांत व वऱ्हाडात तहसीलवार जनपद सभा स्थापन झाल्या होत्या. जिल्हा परिषदा आल्या त्या १ मे १९६२ पासून.

वल्द, कौम, साकिन

शेतीच्या कागदांत पूर्वजांची माहिती सर्वांत भरघोस मिळते. नागपूर-वर्ध्याकडे मालगुजारी पद्धत होती. बंदोबस्तात मालगुजाराला गावाचा मालक ठरविण्यात आले आणि कसणारे मौरूसी किंवा साधारण काश्तकार म्हणून नोंदले गेले. खसरा आणि जमाबंदीत प्रत्येक काश्तकारापुढे ‘वल्द’ म्हणजे कोणाचा मुलगा, ‘कौम’ म्हणजे जात आणि ‘साकिन’ म्हणजे राहणार कोठला, असा मजकूर असतो. विधवेच्या नावापुढे ‘बेवा’, पत्नीच्या नावापुढे ‘जौजे’ लिहिलेले आढळते. एका ओळीत दोन पिढ्या, जात आणि गाव मिळते. इतका नेमका पुरावा जन्माच्या नोंदीतही नसतो.

यातील ‘साकिन’कडे विशेष लक्ष द्यावे. एका गावात राहून दुसऱ्या गावात शेती करणाऱ्याला ‘पाही काश्तकार’ म्हणत. कुटुंबाची शेती आज ज्या गावात आहे, तेच मूळ गाव, असे गृहीत धरून वर्षानुवर्षे चुकीच्या गावाचे बस्ते चाळणारे अनेक असतात. पणजोबांच्या नावापुढे ‘साकिन’ म्हणून शेजारचे गाव लिहिलेले असेल, तर कोतवाल बुक त्या गावाचे पाहायला हवे.

मालगुजारी १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून संपुष्टात आली. त्यानंतर तयार झालेला १९५४-५५ चा अधिकार अभिलेख हा विदर्भातील कुळशोधाचा कणा मानला जातो. मालगुजाराच्या काळातले कागद आणि आजचा सातबारा यांना जोडणारा तो दुवा आहे. खसरा क्रमांक पुढे बदलले, जमिनींचे तुकडे झाले, एकत्रीकरण झाले. त्यामुळे सातबाऱ्यावरून थेट १९२० च्या जमाबंदीवर उडी मारता येत नाही. आधी अधिकार अभिलेख, मग जुना खसरा क्रमांक, मग जमाबंदी, अशी पायरीपायरीने मागे जाणेच श्रेयस्कर.

नदीपलीकडचा दुसरा मुलूख

देवळी तहसिलीच्या पश्चिमेकडून वर्धा नदी वाहते. आज ती केवळ दोन जिल्ह्यांमधील हद्द आहे. एकेकाळी ती दोन राज्यांमधील सीमा होती. अलीकडे भोसल्यांचे नागपूर, पलीकडे निजामाचा वऱ्हाड. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तरी मालकी निजामाचीच राहिली आणि महसुलाची घडी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारीची बसली. म्हणजे अलीकडे मालगुजार व कोटवार, तर पलीकडे वतनदार पाटील-पटवारी; अलीकडे खसरा, तर पलीकडे सर्व्हे नंबर. १९०३ मध्ये दोन्ही भाग एका प्रांतात आले तरी कायदे वेगळेच राहिले. अलीकडे १९१७ चा मध्यप्रांत जमीन महसूल कायदा होता, तर पलीकडे १९२८ ची वऱ्हाड जमीन महसूल संहिता. दोन्हींचा मेळ बसला तो १९५४ च्या मध्यप्रदेश जमीन महसूल संहितेने.

सोयरिकींना मात्र नदी कधी आडवी आली नाही. देवळी-पुलगावकडच्या घरांत धामणगाव, कळंब, यवतमाळकडच्या सुना सर्रास आहेत. आजीचे माहेर शोधणाऱ्याला म्हणूनच अक्षरशः दुसऱ्या राज्याचे दप्तर उघडावे लागते. त्यात यवतमाळ जिल्ह्याचे नाव १९०५ पूर्वी ‘वणी’ (इंग्रजी कागदांत ‘वून’) होते. त्याच वर्षी वाशीम जिल्हा अकोल्यात आणि एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला. वाशीम १९९८ मध्ये पुन्हा वेगळा झाला. चांद्याचे १९६४ मध्ये चंद्रपूर झाले व १९८२ मध्ये त्यातून गडचिरोली निघाला. भंडाऱ्यातून १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला.

नदीच्या या रेषेने काहींच्या हक्कांवरही रेघ ओढली. अनुसूचित जमातींची यादी सुरुवातीला क्षेत्रनिहाय होती. विदर्भात मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ एवढेच तालुके त्यात होते. यवतमाळ तालुक्यातील गोंड कुटुंब अनुसूचित जमातीत आणि वर्धा तहसिलीतील, म्हणजे देवळीकडील त्याचेच भाऊबंद यादीबाहेर, अशी स्थिती होती. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन उठले. त्यामुळे १९६० च्या दशकातील कागदांत सवलतीचा उल्लेख नाही, एवढ्यावरून वर्ध्याकडील कुटुंबाचा दावा खोटा ठरत नाही. ‘कौम’च्या रकान्यात काय लिहिले आहे, ते पाहावे लागते.

१९५६ च्या सीमेनेही असाच पेच निर्माण केला. छिंदवाड्याकडून विदर्भात आलेल्या, हलबा जमातीच्या असल्याचा दावा करणाऱ्या एका व्यक्तीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या निकालात न्यायालयाने अशा दाव्याकडे पाहताना दोन्ही भाग पूर्वी एकाच राज्यात होते आणि जमात दोन्हीकडे मान्यताप्राप्त आहे काय, हे विचारात घेण्याची गरज सांगितली. त्या छिंदवाड्यातूनही २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा निघाला आहे.

पडताळणीसाठी ज्या मानीव तारखा धरल्या जातात, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. या दोन्ही दिवशी देवळी मध्यप्रदेशात होती. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या दिवशी ती महाराष्ट्रात होती.

आयर्लंडपासून हैदराबादपर्यंत

हा प्रश्न एकट्या विदर्भाचा नाही. आयर्लंडमधून अमेरिकेत गेलेल्यांचे वंशज आजही मूळ घराच्या शोधात असतात आणि त्यांचीही फसगत हद्दींमुळेच होते. तेथे ‘पॅरिश’ नावाची एकके दोन प्रकारची आहेत. शासकीय पॅरिश वेगळी, कॅथलिक चर्चची वेगळी. दोन्हींच्या सीमा जुळत नाहीत. कॅथलिक पॅरिशा लोकवस्तीनुसार जोडल्या व तोडल्या गेल्या. त्यामुळे एकाच घरातील थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा एका चर्चच्या वहीत आणि धाकट्याचा दुसऱ्या चर्चच्या वहीत सापडतो. सरकारी जन्मनोंदणी १८६४ मध्ये सुरू झाली, ती गरिबांच्या मदतीसाठी आखलेल्या ‘युनियन’च्या हद्दीने, आणि ही युनियन परगण्याची सीमा ओलांडून जाई. भरीस भर म्हणून १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या अभिलेखागाराला आग लागून शतकानुशतकांचे कागद भस्मसात झाले. तेथील संशोधक शेवटी ज्याच्या आधाराने वाट काढतात, ते ‘टाउनलँड’ हे जमिनीचे सर्वांत लहान एकक. अशी साठ हजारांहून अधिक टाउनलँडे आहेत. पॅरिश बदलली, युनियन बदलली, तरी टाउनलँडचे नाव बहुतेक ठिकाणी टिकले.

महाराष्ट्रातील ताजे उदाहरण मराठवाड्याचे. तेथील कुणबी नोंदी तपासण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. निजामाच्या राज्यातील अभिलेखांसाठी तिला हैदराबाद गाठावे लागले, कारण राज्य विभागले तरी दप्तर राजधानीतच राहिले होते. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला गेला, त्यामागे हाच इतिहास आहे. विदर्भाच्या बाबतीत हैदराबादची जागा काही अंशी भोपाळने घेतली आहे. गावपातळीचे कागद मात्र जिल्ह्यातच असल्याने देवळीकराला सहसा तेवढे दूर जावे लागत नाही. राज्यस्तरीय जुन्या दप्तरासाठी पुराभिलेख संचालनालयाची नागपूर शाखा आहे.

मौजा हाच आधार

आयरिश टाउनलँडचे काम आपल्याकडे ‘मौजा’ करतो. जिल्हा, तहसील, ठाणे आणि राज्य बदलले, मौजा टिकला. विदर्भातील कोणत्याही खरेदीखतात मौजाच्या नावासोबत पटवारी हलका क्रमांक आणि अनेकदा बंदोबस्त क्रमांक दिलेला असतो. घरातील जुन्या खरेदीखतावरून हे क्रमांक आधी टिपून घ्यावेत. हलक्यांची फेररचना होत आली आहे, हे ध्यानात ठेवावे. बंदोबस्त क्रमांक त्या मानाने भरवशाचा. महसूल खात्याच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव आजच्या रचनेप्रमाणे विचारले जाते, जुन्या बस्त्यावर मात्र जुनी रचना असते. अर्ज लिहिताना ‘मौजा अमुक, पूर्वीची तहसील वर्धा, सध्याची तहसील देवळी, ठाणे अमुक’ असा पूर्ण उल्लेख केला, तर शोध घेणाऱ्या कारकुनाचेही काम हलके होते.

नुसत्या नावावर विसंबूनही भागत नाही. देवळी या नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत आणि राजस्थानातही एक प्रसिद्ध देवळी आहे. ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ ही जोडगावे वेगवेगळ्या बस्त्यांत असतात.

‘नोंद आढळून येत नाही’ या शेऱ्याचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. त्या कार्यालयात, त्या वर्षाच्या, त्या बुकात नोंद दिसली नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. कोणते बुक पाहिले आणि कोणत्या वर्षांची बुके उपलब्धच नाहीत, हे लेखी मागावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ येथे उपयोगी पडतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठविण्याचे बंधन कलम ६(३) घालते. हद्दींच्या घोळात सापडलेल्या अर्जदारासाठी याहून सोयीची तरतूद दुसरी नाही आणि तिचा वापर फारच थोडे लोक करतात.

सर्वांत अवघड शोध असतो तो रिठी गावांचा. पूर, साथ किंवा पाण्याची टंचाई यामुळे वस्ती उठून गेली, घरे पडली, पण मौजा कागदावर राहिला, अशी गावे विदर्भात जागोजाग आहेत. गावाच्या नावापुढे कंसात ‘रिठी’ असे लिहिलेले असते. तेथे राहणारे लोक शेजारच्या तीन-चार गावांत पांगले आणि दोन पिढ्यांनी मूळ गावाचे नावही घरात उरले नाही. अशा कुटुंबाला आजच्या गावात १९३० पूर्वीची एकही नोंद सापडत नाही. तेव्हा घरातील वृद्धांना गावाचे नाव विचारण्याऐवजी कुलदैवताला नवस फेडायला कोणत्या शिवारात जात असत, हे विचारावे. पडक्या मारुतीच्या त्या शिवाराचा सातबारा काढला, की वरच्या कोपऱ्यात मौजाचे नाव छापलेले मिळते. जुन्या जमाबंदीचा अर्ज त्या नावाने करावा.